तास

कासारी बाजारात आमचं दुकान. बाप म्हणायचा,
भांडं खोटं बोलत नाही, वाजवून बघ.
छावणीतल्या साहेबाने काशाचा तास मागवला,
हातभर रुंद, वर दोन भोकं, सुतळीसकट.
पोचवायला गेलो आणि तिथलाच झालो.
वाजवणार कोण, असं निघालं तेव्हा
टोला माझ्याच हातात होता.

तीन मिनिटं मारामारी, एक मिनिट पाणी.
साहेबाचं घड्याळ माझ्या मांडीवर.

नहूम पाटोळे. तोफखान्याच्या घोड्यांना
खरारा करणाऱ्या खंडूचा मुलगा.
मिशनच्या शाळेत चौथी, मग तबेला.
पहिली लढत भटारखान्यातल्या मिंगेलशी:
नाक फुटलं, उभा राहिला.
दुसरीत एका गोऱ्याने तिसऱ्याच फेरीत झोपवला.
तिसरीपासून त्याचा डावा हात सुरू झाला,
खरारा करतात तसा, आखूड, गोल,
जनावराला कळायच्या आत पलीकडे.

जालना. नांदेड. बोलारम. रात्रीची गाडी,
घोंगडीत गुंडाळलेला तास माझ्या मांडीवर,
गाडीच्या हादऱ्याने तो आतल्या आत गुणगुणायचा.
नहूम म्हणायचा, गप कर त्याला, झोप लागंना.
जिंकला तर सात हाली रुपये,
हरला तर दोन, आणि सोडा.

बराकीच्या भिंतीवर अमेरिकेतल्या
कुणा काळ्या चॅम्पियनचं चित्र होतं.
एका रात्री कुणीतरी ते फाडलं.
सकाळी झाडताना नहूमला खांदा तेवढा सापडला.
तो त्याने बायबलात ठेवला. कुठल्या पानात,
ते मी विचारलं नाही.

छावणीच्या पट्ट्याची लढत शिमग्याच्या आधी.
समोर हॉब्ज, तोफखान्याचाच, मानेला कातडं बैलाचं.
सहाव्या फेरीत नहूम पडला.
पडला म्हणजे वाळत घातलेलं धोतर
दोरीवरून सुटावं तसा.
साहेब मोजायला लागला.
घड्याळात अजून वीस सेकंद होते. मी पाहिले होते.
साहेब आठ म्हणाला
आणि मी तास वाजवला.

सातव्या फेरीत डावा हात. हॉब्ज बसला तो बसलाच.
पट्टा आला, गुलाल आला,
खामच्या पुलापर्यंत लोकांनी खांद्यावरून नेला.
रात्री तो दुकानाच्या पायरीवर.
किती व्हते रं?
वीस.
बराच वेळ कुत्री भुंकत होती.
मग म्हणाला, मी नवाला उठणारच व्हतो.

उठला असता का?
मी हे तांब्यावर ठोकताना विचारलंय,
पितळेवर ठोकताना विचारलंय.
त्यालाही माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसायचं.

पुढच्या दोन वर्षांत अकरा लढती.
पडला की तो तीनला उठायचा, चारला उठायचा,
धाप गिळायच्या आत उठायचा, म्हणून जास्त खायचा.
बोलारमला शेवटची. पडला, आणि या वेळी
डोळे उघडे, माझ्याकडे.
सहा. सात.
फेरी संपायला एकच सेकंद उरला होता.
मी टोला उचललेला.
आठ.
माझा हात मी वरच ठेवला.
काटा पुढे गेला. नऊ.
दहा ऐकून त्याने डोळे मिटले.
परतीच्या गाडीत मात्र झोपला,
परभणी गेली तरी जागा झाला नाही.

पलटण गेली. घोडे लिलावात निघाले.
एका उन्हाळ्यात तो दुकानात आला,
पट्ट्याचं पितळ पुढं ठेवलं. पळी कर.
मुशीत टाकलं तर फारच थोडं निघालं,
दांड्यापुरतं. बाकी मी माझं घातलं.
सांधा त्याने अंगठ्याने बरोबर शोधला.
वाजवून पाहिली. काही बोलला नाही.

मजुरी नऊ आणे सांगितली होती.
तो एकेक नाणं फळीवर ठेवत गेला.
आठवर थांबला. माझ्याकडे बघितलं.
मग सावकाश
नववं.